पांढऱ्या जीपला दिलेला चकवा

माझे चुलते दिल्लीत कुठल्याशा गुप्त खात्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. रिटायर होऊन गावी आले तरी सवय जाईना. जुन्नरच्या बाजारात किराणा आणायला निघाले तरी आरशात बघून म्हणायचे, "ती लाल मोटरसायकल बघ. कालपण व्हती." आम्ही पोट धरून हसायचो. पण मी गाडी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्यांचं सगळं शास्त्र डोक्यात बसलं. मागच्याचा संशय आला तर पळायचं नाही, उलट हळू व्हायचं. तोही हळू झाला, तर तो तुझ्याच मागावर. मग लागोपाठ तीनदा डावीकडं वळायचं. कामाला निघालेला माणूस असा गोल फिरत नाही. आणि सुटायचं असेल तर दोन दारं असलेल्या जागेत घुसायचं.

हे सगळं मला एकदाच वापरावं लागलं, तेही भर दुपारी.

धाकटी बहीण निमगाव सावाला दिली होती. नवरा मारायचा. त्या दिवशी शेजारणीच्या फोनवरून ती एवढंच बोलली, "दादा, आत्ता ये. आज हे मला जित्ती ठेवत न्हाईत." मी गेलो तेव्हा ती ओढ्याजवळ पिशवी घेऊन उभी होती, एक डोळा सुजून मिटलेला. माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. आमच्या घरी नेण्यात अर्थ नव्हता, सासरचे आधी तिथंच येणार. येडगावला आईची एक मानलेली बहीण राहायची. ते घर सासरच्या कुणालाच माहीत नव्हतं. रात्र तिथं काढायची आणि सकाळी जुन्नरला जाऊन पोलिसांत तक्रार द्यायची, असं ठरलं.

नारायणगावच्या अलीकडं आरशात पांढरी जीप दिसली. मी हळू झालो. जीपही हळू झाली.

"दीर हाय ना?" बहिणीनं मागं न बघताच विचारलं. मी हो म्हणालो. ती सीटवरून खाली सरकून बसली.

येडगावकडं न वळता मी हायवेनं मंचरच्या दिशेला लागलो. कळंबला आत शिरून तीनदा डावीकडं वळलो, तर ती अवदसा मागंच. शेवटी मंचरला बाजार समितीत घुसलो. भाजीचे टेम्पो, हमालांचा आरडाओरडा, कुणाला काही दिसत नव्हतं. दोन टेम्पोंच्या मधून गाडी काढली आणि दुसऱ्या गेटानं बाहेर पडलो. आरसा रिकामा!

"सुटलो गं!" मी ओरडलोच. बहीण त्या सुजल्या तोंडानं हसली.

तिला पाणी घ्यायला पुढच्या रसवंतीपाशी उतरलो. तिथं शेजारच्या गावचा एक ओळखीचा भेटला.

"काय राव, इकडं कुठं?"

"येडगावला चाललोय."

"येडगावात कुणाकडं?"

"मावशीकडं. शाळेच्या मागं, निळं गेट हाय बघा."

बोलून गेलो. आपल्याकडं विचारलं की सांगायचं असतं, न सांगणारा शिष्ट ठरतो. शिवाय जीपला गुंगारा दिल्याची मस्ती चढली होती मला, खोटं कशाला बोलू?

पुन्हा कुणी मागं लागू नये म्हणून मी आतल्या रस्त्यांनी वळसे घालत गेलो. शाळेच्या मागं वळलो, तर निळ्या गेटासमोर पांढरी जीप उभी. चौघं होते. दीर शांतपणे माझ्या खिडकीपाशी आला.

"लई फिरवलंत, पावणं. मंचरला रसवंतीवर तुमची गाडी इचारली, तर तुमच्या वळखीचा माणूस भेटला. घर त्यानंच सांगितलं. भला माणूस हाय."

बहिणीनं माझ्याकडं बघितलं. "तू सांगितलंस?"

मी होकारार्थी मान डोलावली. माझा हात दाराच्या कडीवर होता, पण दार उघडलं नाही. खरं सांगतो, मी भ्यालो.

"दादाला हात लावू नका. मी येते," असं म्हणून तीच उतरली. पिशवी उचलताना माझ्याकडं वाकून म्हणाली, "गाडी लई चांगली चालवलीस, दादा." टोमणा नव्हता, मनापासून म्हणाली. मग ती त्यांच्या जीपमध्ये बसली, आणि मी त्या जीपच्या मागं गेलो नाही.