घरटी एक माणूस

लोकांच्या दुःखाला अर्थ शोधून द्यायचा, हे माझं काम. आमची रोह्याजवळच्या अष्टमी गावातली शेजारीण म्हणते, "नुसतं बसून ऐकायचं, याला काय काम म्हणतात गो?" मी तिच्याशी भांडते. पण पेणला भेटलेल्या त्या बाईनंतर भांडायचं जरा कमी केलंय.

आठवड्यातून दोन दिवस मी पेणला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत समुपदेशनाला बसते. तिथे ती आली. खाडीकाठच्या गावातली, पस्तिशीची. जेवण गिळवत नाही म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. पहिल्या दोन वेळा पदराचं टोक पिळत नुसती बसली. तिसऱ्या वेळी बोलली ते एका दमात.

खाडीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून तिच्या गावाला मातीचा बांध आहे. उधाणाच्या भरतीला तो फुटला, खांड पडली, की घरटी एक माणूस चिखल घेऊन धावायचा, असा तिथला रिवाज. दीड वर्षापूर्वी खांड पडली तेव्हा तिचा नवरा तापाने फणफणला होता. पेज पीत बसला होता. "आज मी जात नाय," म्हणाला. हिने त्याच्या पुढची वाटी उचलली. "आपल्या घरातून माणूस नाय गेला तर गाव तोंडात शेण घालील. उठा." तो उठला. खांडीच्या ओढीत त्याचा पाय सुटला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला.

आणि तिची बारा वर्षांची मुलगी येईल त्याला सांगायची की माझा बाबा अंगात ताप असून आपणहून गेला, कोणी पाठवला नव्हता. पाहुण्यांना सांगायची, शाळेत सांगायची, एसटीत शेजारी बसलेल्या बाईलासुद्धा.

"ती असं बोलली की माझा घास इथं अडकतो," ती गळ्याला हात लावून म्हणाली. "ताई, पोरीला खरं सांगू काय?"

मी काय केलं? माझं नेहमीचं पोतडं उघडलं. म्हटलं, "याच्याकडे जरा वेगळं बघा. तुम्ही पाठवलंत ते गावासाठी. ते गेले म्हणून चार घरांचं भात वाचलं ना?" बोलताना माझं मलाच कौतुक वाटत होतं, काय सांगू!

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. "भात कुठं वाचलं ताई? पुढच्या अमावास्येला तिथंच परत खांड पडली. मग कोणी बांधलीच नाय. पोरं सगळी कंपनीत शिफ्टला, चिखल कोण उचलणार? आता शेतात खाऱ्या पाण्यातली तिवरं उगवलीत."

मी रोह्याच्या आतल्या गावची, भाताची नि वालाची. आमच्याकडे पावसात काही झालं तरी शेत जागच्या जागी असतं. एका खांडीने जमीन कायमची जाते हे मला ठाऊक नव्हतं, आणि आधी विचारावं एवढी अक्कलही नव्हती. मेलं माझं ते शहाणपण! अशी शरम वाटली की त्या दिवशी मी तिच्याकडे धड वर बघितलं नाही.

पण तिचा प्रश्न तसाच उरला होता. म्हटलं, "सांगा तिला. एकटीने किती दिवस ओढणार? दोघी मिळून रडाल, हलकं होईल." हे मात्र मी मनापासून म्हटलं.

पुढच्या मंगळवारी ती आली. खुर्चीत बसली नाही, दारालाच टेकली.

"सांगितलं," म्हणाली.

मुलगी भात वाढत होती. आईचं सगळं ऐकून घेतलं आणि पातेलं खाली ठेवलं. "मला माहीत हाय. मी पडवीत होती. बाबा जात नाय म्हणाला, ते ऐकलं मी."

"मग येईल त्याला तसं का सांगत होतीस गो?"

"तुला कोणी काय विचारू नये म्हणून."

मला रडू आवरेना. समोरच्या माणसासमोर रडू नये असं आम्हाला शिकवतात. त्या दिवशी ते जमलं नाही. दीड वर्ष ती पोर आईसाठी लोकांची तोंडं बंद करत फिरत होती, आणि तिचं ते सांगणं खोटं ठरवायला मी सांगितलं होतं.

"आता तरी हलकं वाटतंय का?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"घास उतरतो," ती म्हणाली. "पण पोरगी आता तसं सांगत नाय. काल माझी बहीण आली, बाबाचा विषय निघाला, तर ही गप उठून गेली. मी वाट बघत बसली होती, ताई. वाटत होतं, एकदा तरी म्हणेल, बाबा आपणहून गेला."