कारणाचा रकाना

कॉलेजच्या दवाखान्यात पट्टी हवी असेल तर बोलणी खावी लागायची. सिस्टरबाई जखम पुसता पुसता समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, आणि पोरं निमूट ऐकून घ्यायची, कारण बाईंचा हात हलका होता. पण अकरा वर्षांत बाईंच्या डोक्याला खरा ताप दिला तो जखमांनी नव्हे, फॉर्मनं. कुणाला साधं खरचटलं तरी फॉर्म भरा! त्यात 'कारण' म्हणून एक रकाना. तिथं 'पाय घसरला' लिहिलं की कागद त्याच दिवशी मंजूर. 'पायरी सैल' लिहिलं की मेला तोच कागद इमारत विभागात, तिथून कार्यालयात, मग पाहणी, मग खुलासा, आणि महिन्याभरानं पुन्हा बाईंच्याच टेबलावर. नसती पीडा कोण ओढवून घेणार? बाई 'पाय घसरला' लिहून मोकळ्या व्हायच्या.

सोमवारी प्रयोगशाळेतले शिपाईमामा मागच्या जिन्यावरून पडले. नववी पायरी, पाय ठेवला की डुलणारी. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर तीन महिने. दोष इमारतीचा ठरला तर सुट्टी कामावरची. मामांचा ठरला तर स्वतःची रजा. ती तर बायकोच्या आजारपणात केव्हाच संपलेली. म्हणजे गैरहजेरी, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना नोकरीवर गदा.

या वेळी बाईंनी ठळक अक्षरात 'पायरी सैल' लिहिलं. कार्यालयातल्या क्लार्कनं फॉर्म परत पाठवला. बाई तणतणत थेट प्राचार्यांकडे गेल्या. त्यांच्यासमोर क्लार्कनं आणून दिलेली बाईंचीच अपघातांची नोंदवही उघडी होती.

"सिस्टर, या जिन्यावरून आधी सात जण पडले," प्राचार्य म्हणाले. "सातही वेळा तुम्ही 'पाय घसरला' लिहिलंत. मग पायरी आजच कशी सैल झाली?"

हात दाखवून अवलक्षण! बाईंना क्लार्कचा राग आला, प्राचार्यांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"ते खोटं होतं, सर. कागद लवकर सुटावा म्हणून लिहिलं."

"लेखी द्याल?"

असं लेखी देणं म्हणजे काय, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या 'देते' म्हणाल्या आणि वही उचलून निघाल्या.

दवाखान्यात मामा हात गळ्यात अडकवून बसले होते. बाईंनी झालेलं सांगितल्यावर, माझ्यापायी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नका, म्हणून विनवू लागले. बाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, आणि पुन्हा तोंड उघडलं तर दुसरा हातही बांधून टाकीन, असा दमही भरला. मग एकेक नोंद कागदावर उतरवायला घेतली. तारीख, नाव, इजा, खोटं कारण. पहिली, दुसरी, तिसरी.

चौथ्या नोंदीवर पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. घोटा मुरगळला. नाव मामांचं, आणि खाली त्यांची गोल, सावकाश केलेली सही.

बाईंनी मान वर केली. "मामा, तेव्हाच का नाही सांगितलंत, पायरी हलते म्हणून?"

"सांगितलं होतं की," मामा म्हणाले. "तुम्ही म्हणालात, सही करा, मागे रांग आहे."