काढलं की सोडायचं

आक्काला एखाद्याचा राग आला की ती त्याचा चहा पीत नसे. समोर भरलेला कप आला तर तो उचलून कुंडीत ओतायची आणि रिकामा कप बशीत उपडा घालायची. "आमच्या आईची खोड हाय. घरात सगळ्यास्नीच लागलीया," म्हणायची. कंपनीच्या फाटकासमोरच्या टपरीवाल्यानं तिला एकदा गार चहा दिला. तेव्हापासून ती भर पावसात रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन चहा पिऊन यायची. पुढे टपरी त्याचा जावई चालवू लागला, तर तो राग जावयाला वारसाहक्कानं मिळाला.

असं डूख धरणारं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. एरवी आपण त्याला हसतो, आणि आपला कुणी घात केला की पहिल्यांदा त्याच्याकडेच धावतो.

बेळगावात मी आणि आक्का एका कंपनीत होतो; सगळी कंपनीच तिला आक्का म्हणायची. एकाच केबलमधून कॅमेऱ्याला नेटवर्कही द्यायचं आणि वीजही, अशा पेट्या तिथं बनत. मी जुळणीत, आक्का तपासणीत. चिप बनवणाऱ्या कंपन्या आपली चिप कशी चालते हे दाखवायला उघडे बोर्ड देतात, इव्हॅल्युएशन बोर्ड. त्यातला एक आक्का पेटीला जोडायची आणि तो बोर्ड आपणच कॅमेरा असल्याची बतावणी करायचा. आक्का त्याला सोंगाड्या म्हणायची.

"आधी विचारायचं, मग द्यायचं, काढलं की सोडायचं," हे तिचं पालुपद. पलीकडच्याला वीज हवी आहे का, हे पेटीनं आधी विचारायचं. हवी असेल तरच द्यायची. आणि केबल उपसली की पापणी लवायच्या आत वीज तोडायची, नाहीतर त्याच पोर्टला कुणी साधा कॉम्प्युटर जोडला तर तो जळायचा.

"आक्का, पेटीला सोडायला शिकवतेस, तू कधी सोडणार?" मी विचारायचो.

"मी काय पेटी हाय व्हय रं?"

एकदा एक अख्खी खेप ह्या शेवटच्या परीक्षेत अडकली. सोंगाड्या काढला तरी पेट्या वीज सोडेनात. आक्कानं खेप नापास केली. मॅनेजर साहेबांनी ती तिच्या पाठीमागे गाडीत भरून पाठवली. "अहो, एकदा लावलेला कॅमेरा कोण काढतंय?" असं त्यांचं म्हणणं.

त्यातली एक पेटी गेली जांबोटीकडच्या एका शाळेत. ती आक्काच्या गावची शाळा. शाळेला एक पेटी भेट द्या म्हणून कंपनीच्या मागे तीच लागली होती. हेडमास्तरांनी एक दिवस कॅमेऱ्याची केबल काढून तिथं शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर जोडला. धूर निघाला. साहेब गाडी घेऊन गावात गेले आणि चारचौघांत सांगून आले, "तपासणी तुमच्याच गावच्या बाईंनी केली होती." इकडे आक्काला घरी बसवलं. मी साहेबांच्या अंगावर धावून गेलो, म्हणून मलाही.

आक्कानं पोरांचा कॉम्प्युटर जाळला, असं गावभर झालं. ती जत्रेलाही जाईना. भाऊ न्यायला यायचा आणि एकटाच शेवटच्या बसनं परत जायचा. "कुठल्या तोंडानं येऊ?" ती म्हणायची. "त्यानं गावात येऊन खोटं सांगितलंय. गावातच येऊन खरं सांगू दे."

निपाणीत एक गाळा घेऊन आम्ही दोघांनी तपासणीची कामं सुरू केली. साहेबांनी कोगनोळीचा नाका ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात स्वतःचा कारखाना काढला. मी रोज सकाळी देवाला हात जोडून त्यांचं वाईट चिंतायचो. देवानं ऐकलं. एका मोठ्या गिऱ्हाइकानं पेट्या घेण्याआधी नमुना तपासायला आमच्याकडे पाठवला, आणि खोक्यावर साहेबांच्या कारखान्याचं नाव.

"आक्का, नापास कर," मी म्हणालो. "कोण विचारणार आहे?"

तिनं सोंगाड्या जोडला, काढला. परत जोडला, परत काढला. बोर्ड बदलून पाहिले, लांबलचक केबल लावून पाहिली. संध्याकाळपर्यंत दातओठ खात ती त्या पेटीत खोट शोधत होती. खोट नव्हतीच.

"चांगली हाय रं मेली," म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना आणि गिऱ्हाइकाच्या माणसांना एकदमच बोलावून घेतलं. निकाल काय लागलाय ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

"साहेब, बॅगेत लॅपटॉप हाय न्हवं? सोंगाड्या काढला की लगेच त्याच पोर्टला तुमचा लॅपटॉप लावा."

साहेब हसले. "कशाला बाई? रिपोर्ट द्या की."

"लावा."

साहेब बॅगेची चेन मुठीत धरून बसले. आपल्याच पेटीला आपला लॅपटॉप लावायची त्यांची छाती होईना. गिऱ्हाइकाची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग आक्कानं स्वतःचा लॅपटॉप लावला. काहीही झालं नाही.

"पेटी पास," ती म्हणाली. "माणूस नापास."

ऑर्डर साहेबांच्या हातची गेली. मी धावत जाऊन पेढे आणले. आक्कानं पेढा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "गावात कुठं सांगितलंय अजून त्यानं?"

गेल्या वर्षी आक्का गेली. कावीळ झाली होती, ती तिनं अंगावर काढली. इतक्या वर्षांनी ती गावाला गेली, ती अशी.

तेराव्याला साहेब गावात, तिच्या भावाच्या घरी आले. बहुधा माणुसकी दाखवायला. ओसरीवर गाव बसलं होतं, निवृत्त झालेले हेडमास्तरही होते. "आक्कांचं मन फार मोठं होतं," साहेब म्हणाले. हेही खोटंच. आक्काचं मन मोठं नव्हतं, धारदार होतं, आणि मला ते तसंच आवडायचं.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन बसलो. "साहेब, शाळेतली ती पेटी आक्कानं पास केली होती का?"

"आता तो विषय कशाला?"

"मग कधी?"

आक्काचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "त्यांनी नापास केली होती," ते पुटपुटले. "मी पाठवली."

"मोठ्यानं सांगा. मास्तरांना कमी ऐकू येतं."

साहेबांनी परत सांगितलं. हेडमास्तरांनी काठीवर टेकलेली हनुवटी उचलली. मग म्हणाले, "हे तवाच सांगायला काय झालतं साहेब? पोरगी जत्रंला आली असती की."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण ऐकायला आक्का नव्हती, आणि त्याचा राग माझ्या मनातून आजही जात नाही.

साहेबांसमोर आल्या आल्या ठेवलेला चहा अजून तसाच होता. त्यांनी कपाकडे हात नेला. आतून आक्काची वहिनी आली. तिनं तो कप उचलला, अंगणाच्या कडेला जाऊन चहा ओतला, आणि परत येऊन कप साहेबांसमोर बशीत उपडा घातला.