रूपालीनं काढून टाकलेली जाहिरात

जुन्या जालन्यात कापडाच्या एका दुकानाशेजारून अरुंद जिना वर जातो. वर रूपालीचं ऑफिस आहे. धंदा जाहिरातीचा, पण स्वतःचीच पाटी नाही, त्यामुळे नवीन माणूस हमखास खालच्या कापडवाल्याला पत्ता विचारतो आणि कापडवाला रोज वैतागतो. रूपालीचं म्हणणं असं की ज्याला गरज आहे तो विचारत विचारत येतोच, आणि चार दुकानांत विचारत आला की आपली फुकटात जाहिरात होते.

रूपाली बदनापूरची. शिक्षण झाल्यावर पुण्याच्या एका एजन्सीत तिनं बरीच वर्षं शाम्पू आणि बिस्किटं खपवली. तिथल्या मीटिंगांमध्ये 'ग्रामीण ग्राहक' नावाचा एक प्राणी यायचा. डोक्याला फेटा, मिशीत हसू, बसायला बैलगाडी. हा गृहस्थ रूपालीला बदनापूरच्या बाजारात एकदाही भेटला नव्हता. तसं तिनं एकदा मीटिंगमध्ये बोलून दाखवलं, सगळे हसले आणि पुढच्या जाहिरातीत फेटा आणखी मोठा झाला. त्यानंतर वर्षभरात ती जालन्याला परत आली.

इथं आल्यावर तिनं माणसं बघायला सुरुवात केली, आणि बाईची नजर म्हणजे नजर आहे. वाढदिवसाचा बॅनर लागला की मधला मोठा फोटो कुणीच बघत नाही, खालच्या शुभेच्छुकांच्या ओळीत जो तो आपलं तोंड शोधतो, हे तिनं चौकात उभं राहून ताडलं. पोरगा गाण्याच्या ठेक्यावर ट्रॅक्टर धुतो, ते रील जिल्हाभर फिरतं आणि त्यानं खपतो तो पोराच्या डोळ्यावरचा गॉगल, ट्रॅक्टर नाही. शहरातला माणूस नटीनं सांगितलं म्हणून साबण घेईल, इथली बाई मात्र जावेच्या मावसबहिणीनं वापरला का ते आधी विचारेल. असले शोध ती गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता सांगायची. गिऱ्हाईक हसायचं आणि काम देऊन जायचं.

या सगळ्यातून तिचा एक रिवाज पडला. जाहिरातीत मॉडेल घ्यायची नाही, ओळखीचं माणूस घ्यायचं. आणि जाहिरात तयार झाली की पैसे देणाऱ्या शेठच्या आधी त्या माणसाला दाखवायची, त्याच्याच घरी, ओट्यावर बसून. त्यानं 'राहू दे' म्हटलं तरच पुढं. बरेच शेठ यावर चिडत. रूपाली त्यांचा राग चहासारखा गार होऊ द्यायची.

राधेश्याम शेठचा किराण्याचा ठोक धंदा. त्यांनी जवसाच्या चटणीचे पुडे काढायचं ठरवलं आणि चटणी करायला हसनाबादच्या बायकांचा एक गट धरला. गटाच्या पुढारी तुळजाबाई. हात सढळ, जीभ त्याहून सढळ. रूपालीनं त्यांनाच जाहिरातीत घ्यायचं ठरवलं. चुलीवर तवा चढला, जवस तडतडू लागले, बाकीच्या बायका भोवती बसल्या. रूपाली म्हणाली, "मावशी, मी काही शिकवणार नाही. तुमचं जे काय असेल ते बोला."

तुळजाबाई क्षणभर तव्याकडे बघत राहिल्या. मग मान वर करून म्हणाल्या,

"जवसाला लागली आच, मिरचीनं धरला रंग,
तातेरावांचं नाव घेते, त्यांची चव माझ्या संग."

भोवतालच्या बायका एकदम गप्प झाल्या. रूपालीला वाटलं, भारावल्या. चौकात उभी राहून माणसं वाचणारी ही बाई, पण त्या दिवशी समोरची शांतता तिला वाचता आली नाही. तातेराव जाऊन दहा-अकरा वर्षं झाली होती. नवरा गेलेल्या बाईनं उखाणा घ्यायचा नसतो, तिला कुणी 'नाव घ्या' असा आग्रहही करत नाही. तुळजाबाई विधवा आहेत हे रूपालीला ठाऊक होतं. पण तिची आई कौसल्याबाईसुद्धा विधवाच. त्यांच्या बौद्ध घरातनं हे असले नेम आजोबांच्या वेळीच बाहेर पडले होते, आणि कौसल्याबाई नवऱ्याचं नाव दिवसातून दहादा घेत, अर्ध्या वेळा त्याची खोड काढायला. त्यामुळे रूपालीला यात काही वेगळं घडलं असं वाटलंच नाही.

रिवाजाप्रमाणे तिनं ती जाहिरात तुळजाबाईंना ओट्यावर दाखवली. त्यांनी ती पुन्हा पुन्हा बघितली आणि "राहू दे" म्हणाल्या. शेवटी राधेश्याम शेठचा पुडा झळकत होता. जाहिरात नेटवर गेली.

आणि मग ती अशी पळाली की विचारू नका. लाखोंनी बघितली. राधेश्याम शेठ दुकानात येणाऱ्याच्या नाकापुढे मोबाईल धरू लागले. खाली शेरे पडत होते, आणि तातेराव कधीच गेले हे गावातल्याच कुणीतरी तिथं लिहून टाकलं होतं. कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले, पण बरेच जण दात विचकत होते. 'नवरा गेल्यावर उखाणा, काय दिवस आले.' 'पैशासाठी मेलेल्याचं नावपण विकतील.' रूपालीनं ते वाचलं तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी आकांक्षाचा फोन आला. आकांक्षा म्हणजे तुळजाबाईंची मुलगी, जाफराबादकडच्या एका घरी तिचं लग्न ठरलं होतं आणि साखरपुडा तोंडावर आला होता. मुलगा तिनंच पसंत केलेला, दोघांचं चांगलं जमलंही होतं. ती रडत होती. "ताई, तिकडून निरोप आल्ता. त्यांच्या घरात व्हिडिओवरून लई बोलणं झालं म्हणे. साखरपुड्याचं नंतर बघू म्हणतेत. काका तर नुसते पेटून राह्यले."

रूपाली तडक हसनाबादला निघाली.

ओट्यावर भागवत बसला होता, तातेरावांचा धाकटा भाऊ. भावामागं आकांक्षाला त्यानंच बापासारखं सांभाळलं होतं. रूपालीला बघताच तो उठला. "आल्या का? आमच्या घराचं नाव जिल्ह्याला वाटून झालं, आता काय राह्यलं?"

"भाऊ, चूक माझी आहे," रूपाली म्हणाली. "मला कळायला पाहिजे होतं. आत्ता तुमच्यासमोर काढून टाकते." तिनं मोबाईल बाहेर काढला.

"थांब," तुळजाबाई दारातून म्हणाल्या. "कुनाची चूक? मला काय माहीत न्हवतं का काय बोलून राह्यले ते?"

भागवत म्हणाला, "वहिनी, तुम्ही मधे पडू नका."

"मी मधे न्हाई, मीच हाय तेच्यात." त्या ओट्यावर येऊन बसल्या. "इतकी वर्सं झाली, मला कोनी म्हनलं न्हाई का तुळजाबाई, नाव घे. लगनात बाया नाव घेत्यात, मी भांडे उचलते. ही पोरगी आली अन् म्हनली, तुमचं जे असंल ते बोला. माझं दुसरं काय व्हतं? हेच व्हतं."

तेवढ्यात आकांक्षाचा मोबाईल वाजला. मुलाच्या आईचा फोन होता, साधनाबाईंचा. भागवतनं खुणेनं सांगितलं, सगळ्यांना ऐकू येईल असा लाव.

साधनाबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुळजाबाई, मला तुम्हालाच इचारायचंय. खरं सांगा. त्या जाहिरातवालीनं तुम्हाला ते बोलायला लावलं का?"

भागवतचे डोळे चमकले. सुटकेची वाट समोरून चालत आली होती. 'हो' म्हटलं की गोष्ट संपली, सगळं खापर बाहेरच्या बाईवर फुटलं, आकांक्षाचा साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. त्यानं वहिनीकडं बघून 'हो म्हणा' अशी मान हलवली. रूपालीलाही ते कळलं. असं एकदा पसरलं की कुठल्याच गावात तिला कुणी ओट्यावर चढू देणार नव्हतं, हेही कळलं. तरी ती तुळजाबाईंच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "सांगा मावशी. मीच लावलं म्हणून सांगा." रूपालीविषयी दुसरं काही नाही सांगितलं तरी चालेल, एवढं मात्र सांगायलाच हवं.

तुळजाबाईंनी लेकीकडं बघितलं. आकांक्षानं डोळे पुसले आणि आईचा हात धरला.

"न्हाई," तुळजाबाई फोनमध्ये म्हणाल्या. "पोरीनं एक शब्द शिकवला न्हाई. माझ्या मनानं बोलले. तुम्हाला पटो न पटो."

भागवतनं कपाळाला हात लावला.

"मंग बराबर हाय," साधनाबाई म्हणाल्या. "इथं आमच्या ह्यांचा राग उखाण्यावर हाय, त्यांचं मी बघते. माझा राग दुसरा व्हता. मला वाटलं, तुम्हाला चार पैसे देऊन तुमच्या मालकाचं नाव इकायला लावलं. तुमच्या मनातलं असंल तर मला काही म्हनायचं न्हाई. पन बाई, त्याच्या मागून तो चटणीचा पुडा येतो ना, ते मला बिलकुल बरं वाटलं न्हाई. साखरपुडा ठरल्या दिवशीच करू."

फोन ठेवल्यावर आकांक्षा आईच्या गळ्यात पडली. तुळजाबाईंचं लक्ष मात्र रूपालीकडं होतं. "तेवढा पुडा काढता येतो का गं?"

येत नव्हता. एकदा टाकलेलं नुसतं कापता येत नाही. सगळंच काढायचं, नवीन टाकायचं, आणि लाखोंनी बघितलेलं पुन्हा शून्यापासून सुरू करायचं. रूपालीनं आधी राधेश्याम शेठला फोन लावला. शेठ असे ओरडले की चुलीपाशी झोपलेली मांजर उठून गेली. "अहो, एवढे लाखो लोक! ते फेकून देता?"

"शेठ, खालचे शेरे वाचले का? लोकांनी मावशीला बघितलं. तुमच्या चटणीचं नाव एकानं तरी काढलं का? गल्ल्यावर फरक पडला का, खरं सांगा."

शेठ घुटमळले. "बघायला लाखो," ते शेवटी म्हणाले, "अन् घ्यायला तेच आपले नेहमीचे."

"तुम्हाला दुसरी करून देते. तिच्यात फक्त चटणी असेल. पैसे घेणार नाही."

शेठनी कपाळाला हात लावलाय हे फोनमधूनही कळावं असा सुस्कारा टाकला आणि हो म्हणाले. रूपालीनं जाहिरात काढून टाकली. मग पुड्याआधीचा तुकडा तेवढा कापून आकांक्षाच्या मोबाईलमध्ये दिला. आकांक्षानं तो स्वतःच्या नावानं टाकला. आता त्यात विकायला काहीच नव्हतं. एक बाई होती, तवा होता आणि नवऱ्याचं नाव होतं.

भागवतनं तो मोबाईल मागून घेतला आणि कानाशी धरून तो तुकडा ऐकला. दुसऱ्यांदाही ऐकला. डोळे खाली घालून म्हणाला, "दादाचं नाव या घरात कोनी काढतच न्हाई. मीपन न्हाई. पोरीपुढं बोलायचं झालं तरी 'तुझा बाप' म्हनतो." त्यानं नाक ओढलं. "वहिनी, एक डाव अजून घ्या की नाव."

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला, हसल्या, रडल्याही. मग बसल्या जागी नवंकोरं नाव घेतलं, पहिल्यापेक्षा लांब आणि पहिल्यापेक्षा खट्याळ. भागवत खो खो हसला आणि आकांक्षा लाजून आत पळाली.

रूपालीचा कॅमेरा पिशवीतच होता. तिनं तो काढला नाही. ते नाव कुठंही टाकलेलं नाही. ज्याला ऐकायचं असेल त्यानं हसनाबादला जावं आणि तुळजाबाईंना आग्रह करावा. आता आग्रह केला तर त्या घेतात.