शेख हवालदारांकडे बघून

नाशिकला पोस्टिंग झालं तेव्हा मी फौजेत नुकताच नाईक झालो होतो. युनिटकडे पुराच्या कामासाठी दोन बोटी होत्या. दुसरी माझ्याकडे दिली. बोट शिकवणारा उस्ताद महिनाभर आधीच बदलून गेला होता आणि त्याच्या जागी कोणी आलं नव्हतं. कसं शिकायचं, ते सुभेदार साहेबांना विचारलं.

"बघून शीक," ते म्हणाले.

कोणाकडे बघून, ते त्यांनी सांगितलं नाही. मी पहिल्या बोटीच्या हवालदार शेखांकडे बघायला लागलो. ते सटाण्याचे, मी नामपूरचा. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या अहिराणीत विचारलं, "नामपूरना शे ना तू?"

"हा, उस्ताद."

"मी कोणाचा उस्ताद नाही," ते म्हणाले आणि मोटर पुसायला लागले. त्यानंतर कामापलीकडे आमचं बोलणं झालं नाही.

मी बघत राहिलो. मोटर सुरू करण्याआधी ते पंख्यावरून हात फिरवायचे. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघायचे, सगळ्यांत आधी स्वतःचा. एकदा उकडतं म्हणून एका जवानाने जॅकेट काढलं. शेखांनी त्याला तिथेच काठावर उतरवलं आणि त्याच्याशिवाय सराव केला. बोटीत माणसं घेतली की मोठ्याने मोजायचे. का, ते मला दर वेळी कळायचं नाही. तरी मी तसंच करायचो.

ऑगस्टमध्ये गोदावरी चढली. सकाळी साडेसातला आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघाला. एकलहऱ्याच्या खालच्या अंगाला एका वस्तीत तेरा माणसं अडकली होती. वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या, बाकी नुसतं गढूळ पाणी. वस्ती आणि रस्ता यांच्यामध्ये द्राक्षबागा होत्या. मांडव बुडाले होते. मांडवांच्या तारा कुठे आहेत ते वरून दिसत नव्हतं.

पहिल्या फेरीत आठ माणसं काढली. राहिली पाच. दुसऱ्या फेरीत दोघं माझ्या बोटीत बसले, तिघं शेखांच्या. त्यांच्याकडे एका जॅकेटचा पट्टा तुटला. एक म्हातारे बाबा तसेच राहिले. शेखांनी स्वतःचं जॅकेट काढलं आणि बाबांना चढवलं.

मी दहा फुटांवर होतो. आपण काहीतरी चुकीचं बघतोय असं वाटलं.

"शेखभाई, जॅकेट!"

"तू तुझी माणसं मोज."

दहा चाळीसला त्यांच्या मोटरचा पंखा मांडवाच्या तारेत अडकला. बोट आडवी झाली. त्यांनी तार कापायची पकड घेतली, मागे वाकले आणि तार तोडली. बोट झटक्याने सुटली आणि ते पाण्यात गेले. त्यांच्या जवानाने मोटर सुरू केली, बोट सावरली आणि तिघांना घेऊन काठाकडे निघाला. ते साधारण वीस फुटांवर एकदा वर आले. हात उंच केला, हलवला.

मला बोलावत होते, की जा म्हणत होते? मला कळलं नाही.

रेडिओवर माझ्या दोन नंबरच्या बोटीला हाक आली. "टू, रिपोर्ट. ओव्हर."

"शेख हवालदार पाण्यात. माझ्याकडे दोन सिव्हिलियन. काय करू? ओव्हर."

पुढे नुसती खरखर. माझ्या बोटीतली बाई पोराला छातीशी धरून बसली होती. मी मोठ्याने मोजलं. दोन. बोट काठाकडे वळवली, त्यांना उतरवलं आणि परत फिरलो. चार मिनिटं गेली होती. पाण्यावर कोणी नव्हतं. दोन वाजेपर्यंत आम्ही त्याच पट्ट्यात फिरलो. ते तिसऱ्या दिवशी सापडले, खूप खाली, बाभळींच्या झुडपात.

कॅप्टन साहेब म्हणाले, "तू बरोबर केलंस." मी "येस सर" म्हणालो. बरोबर म्हणजे काय केलं, ते मला समजत नव्हतं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला मी सटाण्याला गेलो. शेखांच्या बायकोने, वहिनींनी, चहा दिला. मग विचारलं, "नामपूरचे ते तुम्हीच का? हे फोनवर सांगायचे, एक नवा नाईक आलाय, दिवसभर माझ्याकडेच बघत असतो. त्याच्यासमोर चुकायची भीती वाटते."

मी हो म्हणालो. चहा तसाच राहिला. मी बघत होतो म्हणून त्यांनी जॅकेट काढलं का? मी नसतो तरी काढलं असतं का? वहिनींना विचारायचं होतं.

पुढे नऊ वर्षं मीच बोट शिकवली. पाण्यात जॅकेट काढायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगायचो. एका बॅचमध्ये एका जवानाने विचारलं, "आणि एक कमी पडलं तर?"

 मी सगळ्यांना खाली बसवलं आणि हवालदार शेख, सटाणा, यांच्याबद्दल जसं घडलं तसं सांगितलं.