येथे चेन लावून मिळणार नाही

टेलरबाईंच्या दुकानाच्या काचेवर तेहतीस वर्षं एक कागद चिकटवलेला होता. 'येथे चेन लावून मिळणार नाही.' ऊन लागून अक्षरं फिकी झाली की बाई नवा कागद लावत, मजकूर तोच. गणवेश, पडदे, डॉक्टरांचे डगले, खुर्च्यांचे अभ्रे, काय वाटेल ते त्या शिवत. पण पँटची चेन बिघडली म्हणून कोणी आलं, की चष्म्यावरून एकदा बघत आणि समोरच्या बॅगवाल्याकडे बोट दाखवत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, बाईंना जमत नसेल. न जमायला काय झालं? सरळ टीप मारण्यात त्यांचा हात धरणारं त्या रस्त्यावर कोणी नव्हतं. पण एक चेन त्यांच्या हातून अशी लागली होती, की पुन्हा चेनचं नाव काढायची सोय उरली नव्हती.

झालं होतं असं. दोन दुकानं सोडून एक फोटोवाला होता, पासपोर्टचे फोटो काढणारा. लोकांना 'हनुवटी वर, हसू नका' सांगून सांगून तो विटला आणि त्याने सिनेमा काढायचं मनावर घेतलं. नाव 'बोगद्यातला दैत्य'. शंभर वर्षं बोगद्यात साखळदंडाने जखडलेला दैत्य एक दिवस साखळी तोडून शहरात शिरतो, एवढीच गोष्ट. दैत्य म्हणून त्याने बाईंच्या नवऱ्याला धरलं. नवरा विजेचे मीटर तपासायचा. उंची सव्वासहा फूट, जिथेतिथे दारातून वाकून जायची सवय. आपल्याला अभिनय येत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, त्यावर फोटोवाला म्हणाला की तेच बरं. अंगरखा शिवायचं काम मग ओघानेच बाईंकडे आलं. खुर्च्यांचं उरलेलं हिरवं रेक्झिन, आत फोम, डोळ्यांच्या जागी टेबल टेनिसचे दोन चेंडू. घालणाऱ्याला पुढचं काही दिसायचं नाही, म्हणून तो हात पुढे करून चाचपडत चालायचा. तेच पुढे दैत्याचं चालणं ठरलं.

मापं घेऊन झाल्यावर फोटोवाल्याची चिठ्ठी आली. 'गळ्यापासून पोटापर्यंत मोठी चेन. लांबून दिसली पाहिजे. गंजकी असली तर उत्तम.'

आता शिवणकाम करणाऱ्या बाईला चेन म्हटल्यावर काय दिसणार? सोनाराला गळ्यातली दिसली असती, सायकलवाल्याला सायकलची. बाईंनी नवऱ्याच्या जुन्या होल्डॉलची हातभर पितळी चेन उसवली आणि दैत्याच्या छातीवर अगदी ओळंब्यात बसवली. गंजकी चेन मात्र त्यांना पटेना. गंजकी चेन अडकते, या माणसाला शिवणातलं काय कळतंय, असं पुटपुटत त्यांनी तिच्यावर वरपासून खालपर्यंत मेणबत्ती घासली. रनर लोण्यातून सरकावा तसा सरकायला लागला.

चित्रीकरणाला त्या गेल्या नाहीत. गणवेशांचे दिवस होते, मान वर करायला फुरसत नव्हती. फोटोवाल्याने अंगरखा पाहिला तो थेट बोगद्याच्या तोंडाशी, आणि बोगद्याची परवानगी होती एकाच दिवसाची. अंधारात कोणाला दिसतंय, असं म्हणून त्याने कॅमेरा लावला.

सगळ्यांना दिसलं. दैत्य दोन्ही हात उंचावून बोगद्यातून बाहेर येतो. मेण लावलेला रनर सर्रकन बेंबीपर्यंत उतरतो. आतला पांढरा बनियन दिसतो, आणि नेमका त्याच वेळी पहारेकरी ओरडतो, "पळा, त्याची चेन तुटली!" दैत्य थांबतो, चेन व्यवस्थित वर ओढतो, आणि मग पहारेकऱ्याचा गळा धरतो.

सिनेमा चार दिवसांत उतरला. ते वाक्य काही उतरलं नाही. पँट घेऊन येणारा प्रत्येक शहाणा दुकानाच्या पायरीवरच ते ऐकवायचा आणि आपणच पहिल्यांदा सुचलं असल्यासारखा हसायचा. महिनाभर बाईंनी ऐकून घेतलं, मग कागद चिकटवला. सिनेमा त्यांनी पाहिला नाही तो नाहीच. नवऱ्याला या सगळ्याचं काही वाटलं नाही. उलट मीटर बघायला गेला की लोक त्याला ओळखून बसवून घ्यायचे. बाईंना तेही खुपायचं. टाका दिसता कामा नये, यावर ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांचं एकच काम सगळ्यांनी पाहिलं, आणि ते हे.

यंदा फोटोवाला काठी टेकत दुकानात आला. जुनी रिळं संगणकावर घेऊन साफसूफ करायचं त्याच्या भाच्याने मनावर घेतलं होतं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दोन वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी लोक तो सिनेमा बघायला जमतात, हे बाईंना त्या दिवशी कळलं. नवऱ्याला ठाऊक होतं. सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

"भाचा म्हणतो, चेन पुसून टाकता येईल," फोटोवाला म्हणाला. "तिथे साखळी काढू, अगदी खरीखुरी वाटेल अशी. पण वहिनी, शिवलंय तुम्ही. तुम्ही हो म्हणालात तरच."

"चिठ्ठीत साखळी लिहिलं असतंत, तर तेव्हा काय हात झिजला असता?"

"सगळे चेनच म्हणतात हो."

हो हा शब्द बाईंच्या अगदी ओठावर आला होता. तेहतीस वर्षांचा डाग एका दुपारी निघत होता. आणखी काय हवं? पण अंगावर चढवून बघितल्याशिवाय कपड्याबद्दल बरंवाईट बोलायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. बघून सांगते, म्हणाल्या.

रविवारी नवऱ्याला पुढे घालून त्या गेल्या. सभागृह जवळजवळ भरलेलं. बाईंच्या शेजारी एक नर्स येऊन बसली, ड्यूटीवरून तशीच आलेली. मांडीवर बॅग, तिची चेन गेलेली, तोंड तीन सेफ्टी पिनांनी आवळलेलं. बाईंना ते बघवेना. नर्सने न विचारताच सांगितलं की ही तिची सातवी खेप.

"इतका टाकाऊ सिनेमा सात वेळा?" बाईंनी विचारलं.

"चांगल्या सिनेमातला राक्षस बघितला की माझी झोप उडते," नर्स म्हणाली. "याला बघून घरी गेलं की छान लागते. आत कोणीतरी आहे आणि बिचारा मन लावून करतोय, हे दिसतं ना." तो बिचारा बाईंच्या पलीकडच्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. बाईंनी ओळख करून दिली नाही.

सिनेमा खरोखरच भिकार होता. बोगदा यायला पाऊण तास लागला, आणि तो येताच बाईंनी पर्स घट्ट धरली. रनर सुटला. अख्खं सभागृह एका सुरात ते वाक्य म्हणालं आणि हसलं. बाई त्या हसण्याचा पोत चाचपत राहिल्या, बोटांत कापड धरून बघावं तसा. दुकानाच्या पायरीवरचं हसणं त्यांना पाठ होतं; हे ते नव्हतं. घरातलं कोणी घसरून पडलं आणि लागलं नाही, की माणसं हसतात, तसलं होतं. दैत्याने चेन एका दमात वर ओढली तेव्हा तर चक्क टाळ्या पडल्या.

नवरा हळूच म्हणाला, "त्या जाड हातमोज्यांतूनसुद्धा एकदाही अडकली नाही, बरं का."

"अडकेल कशी? मेण लावलं होतं."

बाईंची नजर एव्हाना चेनवरून हटलीही होती. दैत्य पाठमोरा वळला, आणि डाव्या खांद्यावर बाही जिथे जोडली होती तिथे त्यांना चुण्या दिसल्या. एक, दोन, चांगल्या चार. म्हणजे इतकी वर्षं लाज वाटून घेतली ती भलत्याच जागेची. चेन सरळच होती. सूत सोडलं नव्हतं तिने.

जिन्यात फोटोवाला वाट बघत उभा होता.

"चेनला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "पुसायचाच असेल तर डावा खांदा पुसा. चुण्या पडल्यात."

फोटोवाला गोंधळला. "खांद्याकडे कोण बघतंय, वहिनी?"

"मी."

भाच्याने नंतर निरोप पाठवला की चेन सोपी होती, खांदा अवघड आहे. बाईंनी उलट निरोप पाठवला की मग करू दे, नाहीतर शिकणार कसा तो.

सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी दुकान उघडताना पायरीवर नर्स उभी. तिचा सुट्टीचा दिवस, साधे कपडे, हातात तीच बॅग. जिन्यातलं बोलणं तिने ऐकलं असावं. चेहराच सांगत होता. तिने काचेवरचा कागद वाचला, बाईंकडे बघितलं, पुन्हा कागद वाचला.

बाईंनी बॅग तिच्या हातातून काढून घेतली. तिन्ही सेफ्टी पिना सोडवून तिच्या तळहातावर ठेवल्या, दात तपासले, खणातून मेणबत्तीचा तुकडा काढून बाजूला ठेवला.

"रनर बदलावा लागेल," त्या म्हणाल्या. "गुरुवारी ये. आणि ते वाक्य इथे म्हणायचं नाही."

नर्सने उघडलेलं तोंड मिटलं.