येतो म्हण

सीमेवर धुमश्चक्री सुरू झाली आणि सुट्टीवर आलेल्या फौजी पोरांना माघारी बोलावणं आलं. त्यात माझ्या लेकीचा मुलगाही होता. सोलापूर स्टेशनावर त्या दिवशी अशी गर्दी, की जणू प्रत्येकाच्याच घरचं कोणीतरी निघालंय. हार काय, ढोल काय, झेंडे काय. शुक्रवार पेठेतली आमची गल्ली तर अख्खी आली होती. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा बायका त्याच्या हातात शेंगाचटणीच्या पुड्या कोंबत होत्या.

ओवाळून झालं. पोरगा आईच्या पाया पडला, पिशवी उचलली आणि गडबडीत म्हणाला, "जातो."

आता तुम्हीच सांगा, घरचा माणूस निघताना असं म्हणतो का? कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालो तरी आपण येतो म्हणतो. आमच्या घरी कानडी चालतं, त्यातही तेच. लेकीचं तोंड उतरलेलं मला दिसलं की. मी हाक मारेपर्यंत हा डब्यात शिरून थेट पलीकडच्या टोकाला. घोषणा अशा चाललेल्या, की माझाच आवाज मला ऐकू येईना.

लेक म्हणाली, राहू दे. मी कसली राहू देतीय. दारात एक जवान उभा होता, त्याला म्हटलं, बाबा, आत सांग त्याला, आईला येतो म्हण. त्यानं मागच्याला सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला. त्या गोंगाटात निरोप टोकाला पोचला तो असा: तुझी आई येते म्हणतीय.

झालं. पोरगा सामानावरून उड्या टाकत दाराशी आला, खाली उतरून आईपुढं उभा, लई घाबरलेला.

"अव्वा, तू कुटं येतीस? तितं घरच्यांना नेत न्हाईत."

बोलावणं आल्यापासून लेक पहिल्यांदा हसली. आजूबाजूचेही हसले. बंदोबस्ताचा पोलीस मला विचारतो, आज्जी, तुमचंबी तिकीट काढू काय!

लेक म्हणाली, "मी कुटं येऊ? तू येतो म्हण."

तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. जीभ चावली त्यानं. तिच्या कानाशी वाकून घरच्या बोलीत म्हणाला, "बर्तीनव्वा." येतो गं आई.

एका शब्दानं गोळी अडत नसते, एवढं मलाही कळतं. तो परत चढला, गाडी हलली तेव्हा मी हात जोडलेच. पण लेक गाडी दिसेनाशी होईस्तोवर हात हलवत राहिली, आणि मग वळून म्हणाली, भूक लागलीय गं. इतके दिवस घास उतरत नव्हता तिला. तिथंच बाकड्यावर बसून आम्ही गरम वडे खाल्ले. माझ्या पुडीतलाही एक तिनं उचलला.